जाऊबाईंची अट

माझ्या मोठ्या जाऊबाईंच्या धाकट्या मुलाचं लग्न ठरलं तेव्हा त्या पाच ब्लाउजचं कापड घेऊन माझ्याकडे आल्या. त्या खकनारच्या पुढे शेतावर राहतात. थोडी केळी, थोडा कापूस. आम्ही बुऱ्हाणपुरात, राजपुऱ्यात. नवरा पावरलूमवर मास्तर आणि मी घराच्या पुढच्या खोलीत ब्लाउज शिवते. सव्वीस वर्षं शिवते आहे, आणि स्वतःच्या तोंडाने सांगते, या भागात कटोरी ब्लाउज माझ्यासारखा कुणी बसवत नाही. बाई दारातून आत आली की तिचा कोणता खांदा उतरता आहे ते मला चहा ठेवायच्या आधी कळतं.

जाऊबाईंची मापं माझ्या वहीत होतीच, पण दोन वर्षांत त्या जरा भरल्या होत्या. म्हणून त्यांना उभं केलं आणि टेप लावला. छाती झाली, कंबर झाली. डावा मुंढा घ्यायला हात काखेजवळ नेला आणि बोटाला काहीतरी लागलं. कातडीखाली, सुपारीएवढं. दाबलं तर सरकलं.

"हे काय आहे, जाऊबाई?"

"गाठ आहे."

"कधीपासून?"

"दिवाळीच्या आधीपासून. तू गळा मोठा ठेव, मागच्या वेळी लहान केला होता."

माघ महिना चालू होता. मी टेप गळ्यात टाकला आणि त्यांना खुर्चीवर बसवलं.

"कुणाला दाखवली?"

"कोणाले दाखवू? दुखत नाही, खुपत नाही. दुखली असती तर गेली असती दवाखान्यात."

हे मी काही पहिल्यांदा ऐकत नव्हते. माझ्या खोलीचं दार लावलं की बायका पदर काढतात, आणि पदर काढला की बोलतात. दुखत नाही ते दुखणं नाही, ही तर सगळ्यांची खात्रीच. शिवाय मोबाइल ब्लाउजमध्ये ठेवल्याने होतं, फार घट्ट घातल्याने होतं, लेकराला एकाच बाजूला पाजल्याने होतं, कुणाची तरी हाय लागल्याने होतं. कॅन्सर हा शब्द कुणी उच्चारत नाही. "ती बिमारी" म्हणतात, आणि म्हणताना आवाज खाली जातो, जणू ती शेजारच्या खोलीत बसून ऐकते आहे. एकीने तर मला डाव्या बाजूला आतून छोटा खिसा शिवायला सांगितला होता, मोबाइल कातडीला लागू नये म्हणून. मी शिवून दिला. तिच्याशी वाद घातला नाही. पण मनातल्या मनात हसले होते, हे खरं.

मला हसायचा अधिकार आहे असं मला वाटायचं, कारण मी लहानपणी एक गोष्ट जवळून पाहिली होती. माझे वडील जळगावकडून इकडच्या कागद कारखान्यात नोकरीला आले आणि आम्ही कारखान्याच्या कॉलनीत वाढलो. शेजारच्या क्वार्टरमधल्या काकूंनी मला काज करायला शिकवलं. मी सहावीत असताना त्या आजारी पडल्या. त्यांचं ताट, वाटी, पेला मागच्या ओट्यावर वेगळा ठेवू लागले. माझी आई रोज त्यांच्याकडून विरजण आणायची, ते बंद झालं. मला तिकडे जायचं नाही असं सांगितलं गेलं. मी तरी एकदा गेले. काकू खाटेवर बसल्या होत्या आणि खोलीभर औषधाचा वास होता. त्यांनी मला जवळ घेतलं नाही, लांबूनच म्हणाल्या, "बस तिथेच, तुझी आई रागवेल." पुढे आईच्या बोलण्यातून कळलं की काकूंनी छातीतली गाठ दीड वर्ष लपवली होती. दोन मुलींची लग्नं व्हायची होती. बातमी बाहेर गेली तर कोण करेल, अशी भीती. मुलींची लग्नं झाली. दुसरीच्या लग्नाला काकू नव्हत्या.

हे सगळं मी जाऊबाईंना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "मग माझ्या मामेबहिणीचं काय? ती चालती-फिरती गेली होती दवाखान्यात. तिथे सुई लावली, अन् चार महिन्यांत गेली. सुई लावली की पसरतं ते. गावात सगळ्यांले माहीत आहे."

"ती गेली तेव्हा गाठ केवढी होती?"

"मोठी होती. लिंबाएवढी."

"मग सुईने पसरलं की आधीच पसरलेलं होतं?"

"ते मले काय माहीत?"

"मी सव्वीस वर्षं सुई चालवते. सुई टोचल्याने आजवर एकही शिवण उसवलेली पाहिली नाही."

त्या हसल्या. मला वाटलं, जिंकले. पण जाऊबाई हसल्या की समजावं, त्या ऐकणार नाहीत. लग्न होऊ दे, मग बघू, म्हणाल्या. मी म्हटलं, लग्न वैशाखात आहे, वैशाखापर्यंत मी थांबणार नाही. त्या म्हणाल्या, व्याह्यांना कळलं तर? मी म्हटलं, मी काय मांडवात सांगणार आहे? असं दोन कप चहा होईपर्यंत चाललं. शेवटी मी कापडाची पिशवी बंद करून त्यांच्या मांडीवर ठेवली.

"जांच होईपर्यंत एकाही ब्लाउजला कात्री लावणार नाही. दुसरीकडे शिवा."

जाऊबाईंनी पिशवी उचलून परत माझ्या मशीनवर ठेवली. मग म्हणाल्या, "ठीक. येते. पण माझी एक अट आहे. तिथे माझं जे जे पाहतील, ते ते तुझं पण पाहतील. पहिले तू, मग मी."

"मला काय झालंय?"

"मले तरी काय झालंय? अट म्हणजे अट."

मी लगेच हो म्हटलं. मला काही होणार नव्हतंच. आमच्या गल्लीत आरोग्य खात्याची आशाताई तीनदा येऊन गेली होती. तीस वर्षांपुढच्या बायकांची मोफत तपासणी आहे, तोंडाची, छातीची आणि गर्भपिशवीच्या तोंडाची, या म्हणून. तिन्ही वेळा मी मशीनवरून न उठता तिला परत पाठवलं होतं. हातात काम आहे, असं सांगून. पण खरं कारण वेगळं होतं, ते आता लिहायला हरकत नाही. ती खालची तपासणी ज्यांना काही त्रास आहे त्यांच्यासाठी असते, आणि तो त्रास ज्यांच्या घरात काहीतरी वावगं आहे त्यांना होतो, असं मी धरून चालले होते. माझं घर स्वच्छ. नवरा सरळ. पाळी नियमित. म्हणजे मोबाइलचा खिसा शिवून घेणाऱ्या बाईला हसणारी मी स्वतःही एक समजूत आतल्या खिशात घालूनच फिरत होते.

मंगळवारी जाऊबाई पहिल्या बसने आल्या. नवी साडी नेसून आल्या होत्या, जणू सोयरिकीला निघाल्या आहेत. सरकारी दवाखान्यात त्या खोलीबाहेर सात-आठ बायका बाकावर होत्या. कुणी कुणाकडे पाहत नव्हतं. एकीने मला ओळखलं आणि पदर पुढे ओढला. मी तिचे ब्लाउज शिवते. मी मुद्दाम मोठ्याने म्हटलं, "आम्ही पण त्याच कामाला आलोय." तेव्हा कुठे तिने मान वर केली.

आतली सिस्टर तरुण होती, हिंदी बोलणारी. तिने कागद भरायला घेतला.

"तंबाकू खाते हो, अम्मा?"

"नाही बाई," जाऊबाई म्हणाल्या. "फक्त मिश्री लावते."

"मिश्री में क्या रहता है?"

जाऊबाईंनी विचार केला. "तंबाखू."

सिस्टर हसली नाही, ते मला आवडलं. तिने टॉर्च घेऊन दोघींची तोंडं आतून पाहिली, गालाच्या आतून बोट फिरवलं. मग पडद्यामागे मला नेलं. छाती कशी तपासायची ते तिने माझाच हात माझ्या अंगावर ठेवून शिकवलं. तीन बोटं आडवी, गोल गोल, काखेपर्यंत. मी हजारो बायकांची छाती मापली असेल. स्वतःची अशी कधी पाहिली नव्हती. काही नव्हतं. मी ब्लाउज घालून उठायला लागले, तर ती म्हणाली, "अभी नीचे का बाकी है, दीदी."

"मला काही त्रास नाही."

"तकलीफ़ हो तब तो देर हो जाती है. तीस के ऊपर सबका करते हैं."

मी पडद्याच्या कडेला हात लावून उभी राहिले. पडद्यापलीकडून जाऊबाईंचा आवाज आला, "अट काय होती?"

मी आडवी झाले. जे झालं ते सरळ सांगते, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं. पाय वर घेऊन झोपावं लागतं. लाज वाटते, फार वाटते. एक थंड अवजार लागतं, दुखत नाही पण अंग आपोआप आखडतं. मग कापसाच्या बोळ्याने पातळ सिरका, म्हणजे व्हिनेगर, लावतात, थोडं चुणचुणतं, आणि एक मिनिट थांबतात. मी छताकडे पाहत होते. सिस्टर आधी बोलत होती, माझी मुलं किती, मशीन कोणतं. मिनिट झालं आणि ती बोलायची थांबली. "एक मिनट, दीदी," म्हणाली आणि डॉक्टर मॅडमना बोलवायला गेली.

मॅडमनी पाहिलं. त्या म्हणाल्या की पिशवीच्या तोंडावर एक पांढरा डाग दिसतो आहे. हा कॅन्सर आहे असं नाही. पण दुर्बिणीने नीट पाहायला हवं, आणि ती सोय इंदूरच्या मोठ्या दवाखान्यात आहे. त्यांनी चिठ्ठी लिहिली. जाऊबाईंचं खालचं सगळं चांगलं निघालं. गाठीसाठी त्यांना सोनोग्राफी आणि सुईची तपासणी लिहून दिली.

बाहेर आलो. दवाखान्याच्या फाटकाजवळ मी उभी राहिले तर जाऊबाईंनी माझं मनगट धरलं आणि रस्ता ओलांडून जिलेबीच्या दुकानात नेलं. मावा जिलेबी आली. त्यांनी स्वतः एक तुकडा तोडून माझ्या तोंडात घातला, लग्नानंतर पहिल्यांदा घरात आले होते तेव्हा घातला होता तसा.

"डाग म्हणजे डाग," त्या म्हणाल्या. "पडला आहे, काढायचा. त्यात काय तोंड उतरवते?"

"कुणाला सांगू नका, जाऊबाई."

"माझी गाठ सापडली तेव्हा तुले पडदा नको होता. आता तुझ्या डागाले पडदा?"

तरी तीन दिवस मी कुणाला सांगितलं नाही. मशीनवर बसायचे आणि एकच टीप दोनदा घालायचे. बायका जात का नाहीत, हे मला त्या तीन दिवसांत समजलं. आजाराची भीती असतेच, पण त्याहून मोठी भीती आपण कागदावर आलो याची असते. आतापर्यंत आपण बऱ्या होतो. कागदावर लिहिलं आणि आजारी झालो. चिठ्ठी फाडून टाकली असती तर मी पुन्हा बरी झाले असते, असं मला खरोखर वाटत होतं. पण ती चिठ्ठी मी मापाच्या वहीत ठेवली होती, आणि वही दिवसातून दहा वेळा उघडावी लागते.

चौथ्या दिवशी सकाळी नवरा कामावर निघताना चप्पल घालत होता, तेव्हा सांगितलं.

"पण तुला तर काही त्रास नाही," तो म्हणाला. अगदी जाऊबाईंसारखं, अगदी माझ्यासारखं.

"नाही."

"मग कसा काय डाग? ही बिमारी तर..." तो थांबला. त्याला काय म्हणायचं होतं ते मला कळलं, कारण तेच मीही मनात म्हणून चुकले होते. मला राग आला. "बोला ना. कोणत्या बायकांना होते ही बिमारी?"

तो चप्पल घालूनच दारात बसला. मग म्हणाला, "मला काही माहीत नाही गं. ऐकलेलं तोंडात आलं." थोड्या वेळाने विचारलं, "इंदूरला कधी जायचं? मी सुट्टी टाकतो."

त्याआधी जाऊबाईंची सुई झाली. मी सोबत होते. त्यांनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. डोळे मिटून त्या काहीतरी पुटपुटत होत्या. मला वाटलं देवाचं नाव असेल. झाल्यावर विचारलं तर म्हणाल्या, "कोणत्या वाफ्यातले घड कधी कापायचे ते ठरवत होते. सहा वाफे झाले तेवढ्यात सुई निघाली." आठ दिवसांनी रिपोर्ट आला. चरबीची साधी गाठ. डॉक्टर म्हणाले, काढली नाही तरी चालेल, वाढली तर दाखवा. जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं, म्हणजे बघ, मी सांगतच होते. डॉक्टरांनी ते ओळखलं असावं. ते म्हणाले, "दुखत नव्हती म्हणून साधी निघाली, असं समजू नका, आजी. वाईट गाठसुद्धा सुरुवातीला दुखत नाही. सुई लावल्याशिवाय मलाही कळलं नसतं." जाऊबाईंना गाठीपेक्षा आजी म्हटल्याचं जास्त लागलं. पन्नाशी अजून ओलांडायची आहे, असं त्यांनी जिना उतरेपर्यंत मला ऐकवलं.

इंदूरला आम्ही तिघं गेलो. जाऊबाईंना कुणी बोलावलं नव्हतं. सकाळी बसस्टँडवर येऊन उभ्या होत्या, हातात भाकरी-ठेच्याचं फडकं. "दवाखान्यात मी नेली तिले, नाही, तिने मले नेली, काय फरक पडतो," असं नवऱ्याला सांगून खिडकीजवळ बसल्या.

तिथल्या डॉक्टरीण बाई वयस्कर होत्या आणि मराठी बोलत होत्या. त्यामुळेच मला निम्मं बरं वाटलं. त्यांनी दुर्बिणीतून पाहिलं आणि समोरच्या पडद्यावर मलाही दाखवलं. तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका. इतका लहान होता की मला त्याचा राग येण्याऐवजी नवल वाटलं. त्यांनी एक बारीक तुकडा तपासायला घेतला आणि पुढच्या वेळी पुन्हा तिघं गेलो तेव्हा रिपोर्ट समोर ठेवून आम्हाला दोघांना बसवून सांगितलं.

"हा कॅन्सर नाही. तसाच राहिला असता तर पुढे काही वर्षांनी होऊ शकला असता. आज काढून टाकू."

"हे होतं कशामुळे?" मी विचारलं. नवरा शेजारी होता आणि मी मुद्दाम त्याच्यासमोर विचारलं.

"एक विषाणू असतो. लग्न झालेल्या जवळजवळ सगळ्या बायकांना कधी ना कधी होऊन जातो, पुरुषांनाही होतो. बहुतेकांचा आपोआप जातो, कुणाला कळतही नाही. एखादीचा राहतो. तुमचा राहिला, एवढंच. यात तुमची किंवा यांची चूक शोधत बसू नका."

नवऱ्याने मान हलवली. मग डॉक्टरीण बाईंनी त्याच्याकडे वळून विचारलं, "तुम्ही तंबाखू खाता ना? तोंड उघडा. तीन बोटं उभी घाला." त्याची दोनच गेली. तिसरं दातापाशी अडकलं, तोंड पुरतं उघडतच नव्हतं. बाहेर बाकावर बसलेल्या जाऊबाईंना हे दारातून दिसत होतं. त्या तोंडावर पदर धरून हसत होत्या. नंतर त्याने तोंडाची तपासणी करून घेतली. तंबाखू मात्र पूर्ण सुटलेली नाही. सुटली असं लिहिलं असतं तर छान वाटलं असतं, पण सुटलेली नाही. पुडी आता खिशात नसते, लूमवर कुणाकडून तरी मागतो आणि मला वास येतो.

माझा डाग गरम यंत्राने जाळला. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. पाळीत पोटात कळ येते तशी कळ आली आणि गेली. एक महिना अंगावरून पाणी जाईल, घाबरू नका, महिनाभर एकत्र झोपू नका, वर्षाने पुन्हा दाखवा. एवढंच. संध्याकाळी आम्ही परतीच्या बसमध्ये होतो आणि जाऊबाई माझ्या खांद्यावर डोकं ठेवून घोरत होत्या. त्या महिन्यात मी त्यांचे पाचही ब्लाउज शिवले. गळे मोठे ठेवले.

लग्न चांगलं झालं. व्याह्यांनी काही विचारलं नाही. पण लग्नात मला दिसलं की चार बायका माझ्याकडे पाहून बोलतात. माझ्या शेजारी बसलेल्या एका चुलत नणंदेने आपला पाण्याचा पेला उचलून पलीकडे नेला. मी जाऊबाईंना स्वयंपाकाच्या मंडपामागे गाठलं.

"तुम्ही सांगितलं?"

"सांगितलं. माझी गाठ पण सांगितली, तुझा डाग पण सांगितला. काय चोरी केली आहे आपण?"

मी इतकी चिडले की दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. वाईट म्हणजे त्यांचंच बरोबर होतं.

त्याचे परिणाम झाले. सिंधीपुऱ्यातली एक जुनी गिऱ्हाईक आली आणि न शिवलेलं कापड परत मागितलं. मुलीला घाई आहे, म्हणाली. मी कापड काढून दिलं आणि सरळ सांगितलं, "मला जे होतं ते कापडाने लागत नाही, हाताने लागत नाही, चहाने लागत नाही. आणि आता ते नाहीही. बसा, चहा घ्या." ती बसली नाही. दार लोटून गेली. तेव्हा मला त्या काकूंच्या ओट्यावरचं ताट आठवलं आणि जेवण गेलं नाही. पण काकूंच्या वेळेला आणि माझ्या वेळेला एक फरक होता. मी बरी झाले होते, आणि मशीन चालू होतं. मी दुसऱ्या दिवशी दार सताड उघडून बसले. जी विचारेल तिला सांगायला सुरुवात केली. जी विचारत नसे तिलाही माप घेताना विचारायचे, "जांच झाली?" काही चिडल्या. एक म्हणाली, "तू दर्जीण आहेस की डॉक्टरीण?" मी म्हटलं, "दर्जीण. म्हणून तर हात वर करा."

सिंधीपुऱ्याची बाई दोन महिन्यांनी परत आली. हातात कुणीतरी बिघडवलेला ब्लाउज होता; एक बाही वर, एक खाली. मी तो उसवायला घेतला. तिने दार लोटून घेतलं आणि हळूच विचारलं, "ती खालची जांच दुखते का?"

"दुखत नाही. लाज वाटते. दहा मिनिटांत होते."

"आणि काही निघालं तर?"

"माझं निघालंच ना. ही बसले मी समोर."

ती पुढच्या आठवड्यात जाऊन आली. काही निघालं नाही. येऊन तिने दराब्याच्या मिठाईचा डबा ठेवला आणि परत नेलेल्या कापडाबद्दल काही बोलली नाही. मीही विषय काढला नाही.

वर्षाने माझी पुन्हा तपासणी झाली. डाग गेला होता. त्याच तरुण सिस्टरने पाहिलं, यावेळी ती शेवटपर्यंत बोलत राहिली.

त्याच सुमारास एका सकाळी जाऊबाईंचा फोन आला, "कुठे आहेस? आम्ही दवाखान्यात आहोत." मी घाबरून विचारलं, काय झालं. "काही झालं नाही. जीप भरून आणली आहे." मी रिक्षा करून गेले तर त्या खोलीच्या दारात उभ्या होत्या आणि त्यांच्या गावातल्या नऊ बायका बाकावर दाटीवाटीने बसल्या होत्या. जाऊबाई सिस्टरशी भांडत होत्या. जीपवाल्याला दुपारी परत जायचं होतं, म्हणून सगळ्यांना आधी घ्या, असं त्यांचं म्हणणं. सिस्टर म्हणत होती, "अम्मा, एक-एक करके ही होगा." शेवटी जाऊबाईंनीच नंबर लावले, वयाप्रमाणे. एक तरुण सून म्हणाली की सासूच्या आधी मी कशी जाऊ, तर तिला म्हणाल्या, "इथे सासू-सून नाही. इथे नंबर आहे." आणि सासूचाच नंबर आधी होता हे लक्षात आल्यावर सगळ्या हसल्या. मला त्यांनी काही काम दिलं नाही. मी नऊ जणींच्या पिशव्या मांडीवर घेऊन बसले.

त्या नऊ जणींपैकी एकीच्या छातीत गाठ सापडली, आणि ती साधी नव्हती. लहान होती, लवकर सापडली. तिला इंदूरला जावं लागलं, ऑपरेशन झालं, पुढचे उपचार अजून चालू आहेत. केस गेले होते, ते आता परत येत आहेत. ती कापूस वेचायला जाते. सगळा दिवस नाही, सकाळचा. परवा तिचा मला फोन आला. भाच्याच्या लग्नात घालायला दोन ब्लाउज हवे आहेत, डाव्या बाजूला आतून थोडं भरून दे, म्हणाली, आणि गळा फॅशनचा ठेव, तुझ्या जाऊसारखा जुनाट नको.